पेन्शनीतल्या बिशपसाहेबांना सलाम

आदरणीय बिशपसाहेब,

सलाम!

तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात त्याबद्दलचं आभाराचं कार्ड तुम्हाला इंग्रजीतून पोचलंच असेल. त्यात लिहिलं ते रीतीचं. मनातलं सांगायचं तर मला मराठीच लागते, आणि आपल्या मराठी मंडळींनीही हे वाचावं अशी इच्छा आहे. म्हणून हे खुलं पत्र. लेक तुम्हाला वाचून दाखवील, त्याचं मराठी जेवढं आहे तेवढं.

आधी आमच्या लोकांना थोडं सांगते. अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च हे अँग्लिकन घराण्यातलं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. १९७० साली नागपुरात निरनिराळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, तेही त्याच घराण्यात मोडतं. त्यामुळे पुण्यात पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढलेली मी, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या या बर्फाळ गावात आले तेव्हा उपासना परकी वाटली नाही. भाषा वेगळी, थंडी भयंकर, पण कधी उभं राहायचं आणि कधी गुडघे टेकायचे ते न सांगता कळत होतं.

आमच्या चर्चची मंडळी लहान. पूर्णवेळ पाळक ठेवायची ऐपत कधीच संपली. कोणी पाळक पाहुणे म्हणून आले तर प्रभूभोजन, नाहीतर आमच्यातलंच कोणीतरी सकाळची प्रार्थना चालवतं. यात रडण्यासारखं काही नाही, असं इथे गावोगावी चालू आहे. पण दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यानं आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, आमच्याने होत नाही. त्यासाठी मस्तकावर हात बिशपचाच हवा. आणि बिशप एक, मंडळ्या कितीतरी, रस्ते लांब, हिवाळा त्याहून लांब. नियमाप्रमाणे बिशपनी तीन वर्षांतून निदान एकदा प्रत्येक मंडळीला भेट द्यायची असते. आमची पाळी आली, पुढे ढकलली गेली, मग रद्द झाली.

लेकाचं दृढीकरण व्हायचं होतं. माझ्या आईला ते डोळ्यांनी बघायचं होतं. ती अंथरुणाला टेकलेली, गाडीत अर्धा तास बसवत नाही. मी तसं कळवलं. उत्तर अतिशय गोड भाषेत आलं: वसंत ऋतूत शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र दृढीकरण आहे, मुलाला घेऊन या. आईचं काय, असं विचारल्यावर एका सद्गृहस्थांनी सुचवलं की आजींना व्हिडिओ दाखवता येईल की! त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. आईला मी हे सांगितलंच नाही. ती रोज विचारायची, साहेब कधी येणार? आणि मी म्हणायचे, बर्फ वितळू दे.

खरं तर बिशपची वाट बघण्यात या देशाचं अर्धं आयुष्य गेलंय. १६०७ मध्ये व्हर्जिनियात इंग्रजांनी वसाहत केली तेव्हापासून इंग्लंडचं चर्च इथे आहे, पण बिशप एकही नाही! कोणाला पाळक व्हायचं असेल तर जहाजात बसून लंडन गाठायचं. दृढीकरणाशिवाय लोक जन्मले, म्हातारे झाले आणि गेले. पुढे देश स्वतंत्र झाला, तर इंग्लंडचे बिशप राजनिष्ठेची शपथ घेतल्याखेरीज कोणाला दीक्षा देईनात. शेवटी सॅम्युअल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १७८४ मध्ये अ‍ॅबर्डीनमध्ये बिशप होऊन आले. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची ती वाट! मी हे आईला सांगितलं तर म्हणाली, माझ्याकडे तेवढी नाहीत.

आणि मग आमच्या आताच्या बिशपना शहाणपण सुचलं. आपल्याच धर्मप्रांतात (एका बिशपच्या देखरेखीखालच्या भागात) निवृत्त बिशप राहतात, मुलानातवंडांजवळ येऊन स्थायिक झालेले, आणि रविवारी मागच्या बाकावर बसतात. ७२ व्या वर्षी पद सोडावंच लागतं, तो नियम. पण पद गेलं तरी बिशपपण राहतं, दीक्षा जन्मभराची असते. मात्र दुसऱ्याच्या धर्मप्रांतात तिथल्या बिशपच्या परवानगीवाचून बिशपची कामं करता येत नाहीत. म्हणजे बोलावलं तरच यायचं. आताच्या बिशपनी बोलावलं: महिन्यातून जमतील तेवढे रविवार, लहान मंडळ्यांसाठी. इथे त्याला असिस्टिंग बिशप म्हणतात. निवडणूक नाही, पुढच्या गादीवर हक्क नाही.

आमच्याकडेही कुरकूर झालीच. पेन्शनीतली माणसं कशाला, तरुण कोणी मिळत नाही का, असं एकजण बोलला. (पुण्यात पेन्शनरांनी दिलेल्या सल्ल्यांवर वाढलेली असल्यामुळे मी पटकन त्याच्याशी वाद घातला नाही, हेही खरं.) पण बार्बरा हॅरिस बाईंची गोष्ट मला माहीत होती. १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये त्या बिशप झाल्या, सबंध अँग्लिकन घराण्यातल्या पहिल्या स्त्री बिशप. निवृत्त झाल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. वॉशिंग्टनच्या धर्मप्रांतात काही वर्षं असिस्टिंग बिशप म्हणून राबल्या. अशा माणसाला पेन्शनर म्हणून कोण हिणवणार?

तुम्ही आलात. उपासना, प्रवचन, लेकाचं दृढीकरण, सगळं छान झालं. त्याबद्दल कार्डात लिहिलंय. इथे मला त्यानंतरचं लिहायचंय.

जेवण आटोपून तुम्ही आमच्या घरी आलात. जांभळा शर्ट, गळ्यात क्रूस, वर साधा स्वेटर. आईच्या खोलीत गेलात, तिचा हात हातात घेतलात. ती तुमच्याकडे बघून हसली आणि मग तुमच्या पाठीमागे बघायला लागली. दाराकडे. मला म्हणाली, "हे गृहस्थ चांगले आहेत, पण साहेब कुठे आहेत?"

आई लहान असताना बिशप मुंबईहून पुण्याला यायचे. उंच टोपी, सोनेरी काठाचा झगा, हातात मेंढपाळाची काठी. तिच्या डोक्यात बिशप म्हणजे ते. मी ओशाळून काहीतरी सारवासारव करायला लागले. तुम्ही विचारलंत, काय म्हणतात? मला खरं सांगावं लागलं.

तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. कोट न घालता बर्फातून गाडीपाशी गेलात. परत आलात ते आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि डायनिंग टेबलाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, झगा चढवलात. काठीचे तीन तुकडे एकमेकांत फिरवून जोडलेत. टोपी घातलीत. आणि पंचाहत्तरी ओलांडलेला तुमच्यासारखा सहा फुटी माणूस आमच्या बुटक्या चौकटीतून वाकून आत आला. तरी टोपी घासलीच.

आईनं डोक्यावर पदर घेतला. आजारपणामुळे तिचा उजवा हात वर जात नाही, तिनं डाव्या हातानं घेतला.

मग लेकाला तुम्ही तिच्या पलंगापाशी गुडघ्यावर बसवलंत. मला हळूच म्हणालात, दृढीकरण दोनदा होत नसतं, आशीर्वाद मात्र हवे तितक्या वेळा देता येतात. त्याच्या डोक्यावर तुम्ही हात ठेवलात, आईनंही ठेवला. ती मराठीत "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणत होती, तुम्ही इंग्रजीत. दोन्ही प्रार्थना काही बरोबर संपल्या नाहीत. आईची आधी संपली आणि ती तुमच्यासाठी थांबली.

नंतर तुम्ही चहा घेतलात, आलं घातलेला, दोन कप. पंचहौदाच्या चहाची गोष्ट मी तुम्हाला तेव्हा सांगितली: १८९० मध्ये त्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. तुम्ही विचारलंत, दुसऱ्या कपाला दुप्पट का?

त्या दिवसापासून मी विचार करतेय की हे एवढंसं आधी कोणाला का सुचलं नाही. पैसा लागला नाही, समिती बसली नाही. लागला तो वेळ, आणि म्हातारीच्या म्हणण्याला वेडेपणा न समजण्याची रीत. ती रीत पदाबरोबर येत नाही, बहुधा पदाबरोबर जातही नाही. पुढच्या सभेची घाई नसलेला माणूस समोरच्याकडे नीट बघतो, एवढं मी पाहिलं. पदावरच्या सगळ्यांची घाई खोटी असते असं मी म्हणणार नाही. पण कळवू, बघू, वसंत ऋतूत या, असं लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या आईसारख्यांच्या उशापाशी बसून बघावं.

आताच्या बिशपनाही एक विनंती, हे पत्र त्यांच्यापर्यंत जाईलच. निवृत्तांना बोलावलंत, फार चांगलं केलंत. पण अर्धवेळ म्हटलंय ते अर्धवेळच राहू द्या. गोड माणूस सापडला की त्याला वर्षभर जुंपायचं, आणि पेट्रोलचे पैसेही त्यानंच घालायचे, ही खोड चर्चमध्ये सगळ्या देशांत सारखीच आहे. त्यांना मानधन द्या, हिवाळ्यात गाडी चालवायला कोणी बरोबर द्या, आणि ते नाही म्हणाले तर ते नाही समजा.

बिशपसाहेब, आमच्या मंडळीतल्या आणखी दोघांनी दृढीकरणासाठी नावं दिली आहेत. त्यातले एक साठीचे आहेत. आजवर का नाही केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, कोणी आलंच नाही. ईस्टरनंतरची तुम्हाला सोयीची तारीख कळवा. रस्त्यावर बर्फ असलं तर निघू नका, पुढचा रविवार चालेल. आईचं म्हणणं आहे की या वेळी टोपी घालूनच गाडीतून उतरा. तिचं सगळं मनावर घेऊ नका.

आपली नम्र,
आजींची मुलगी