लिंक नसली तर पेन्शनही नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात पासबुक भरून घ्यायला शहरातल्या एका बँकेत गेलो होतो. सकाळपासून लिंक नव्हती. शेजारी बाकावर हिंगण्याच्या पुढच्या खेड्यातून आलेली म्हातारी बसली होती. शहरात धुणीभांडी करायची तेव्हापासून तिचं खातं इथंच. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार काढायचे होते. दोन वाजता काउंटरवरच्या मुलीनं ‘उद्या या’ म्हटलं. “उद्या पुन्यांदा यावं लागन का जी?” म्हातारीनं विचारलं. मुलगी तरी काय सांगणार?

मी १९७९ साली बँकेत लागलो, २०१७ साली निवृत्त झालो. पहिली सतरा वर्षं आमच्या शाखेत कॉम्प्युटर नव्हता. ग्राहक स्लिप देऊन पितळी टोकन घ्यायचा. आम्ही लेजरचं पान काढून शिल्लक बघायचो, कार्डावरच्या सहीशी सही ताडायचो, साहेब सही करायचे आणि कॅशियर टोकनचा नंबर पुकारायचा. मे महिन्यात वीज गेली की कूलर थांबायचा, काम नाही. लेजर खिडकीपाशी ओढून पुढे सुरू.

त्या काळात परत जावं असं मी म्हणत नाही. डिसेंबरअखेर नव्वद पैशांचा फरक शोधायला मी तीन रात्री शाखेत काढल्या आहेत. शिवाय ग्राहकाचं नुकसानही होतं. बचत खात्यावर व्याज मिळायचं ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. ११ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. हजारो खात्यांचं रोजचं व्याज हातानं काढणार कोण? १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर मिळू लागलं, ही कॉम्प्युटरचीच देणगी.

पण १९९६ साली कॉम्प्युटर आल्यावरही आम्ही रोज संध्याकाळी सगळ्या खात्यांच्या शिलकीची यादी छापून कपाटात ठेवायचो. सकाळी मशीन बिघडलं तर त्या यादीवरून पैसे देता यायचे. पुढे कोअर बँकिंग आलं, खाती दूरच्या सर्व्हरवर गेली आणि ती यादी बंद झाली. आज लिंक तुटली की समोर उभ्या माणसाचे किती रुपये जमा आहेत हे त्याच्या स्वतःच्या शाखेलाही कळत नाही.

१९ जुलै २०२४ ला एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विमानाच्या प्रवाशासाठी जे जमलं, ते पेन्शनवाल्या म्हातारीसाठी जमायला हवं.

माझी मागणी एवढीच की प्रत्येक शाखेनं निदान निराधार व पेन्शन खात्यांची शिल्लक रोज संध्याकाळी छापून कुलपात ठेवावी. लिंक नसेल त्या दिवशी मूळ शाखेतच, पासबुकावर नोंद करून, सही किंवा साक्षीदारासमोर अंगठा घेऊन दोन हजारांपर्यंत द्यावेत. लिंक आली की नोंद चढवावी. रक्कम लहान आणि शाखा एकच, त्यामुळे फसवणुकीचा धोकाही थोडाच. नव्या मुलामुलींना रजिस्टर लिहायला शिकवायचं असेल तर मी एक पैसा न घेता येईन, आणि माझ्याबरोबरचे आणखी काही जणही येतील.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
महाल, नागपूर