विसार देण्याआधी

सातारा,
20 एप्रिल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हिशेब काल रात्री दोनदा वाचला. कोथरूडचा वन बीएचके, इमारत 28 वर्षांची, किंमत 62 लाख, दुरुस्तीला 7 लाख, विक्री 82 लाखांना, म्हणजे 13 लाख सुटले. तू या कामात उतरायचं म्हणतेस याचा मला फार आनंद झाला. तुझ्या बाबांनी आणि मी चार जुने फ्लॅट असेच घेऊन, नीट करून विकले, त्यातूनच तुझं शिक्षण झालं. पण तुझ्या कागदावर जे लिहिलंय ते बरोबर असलं तरी जे लिहायचं राहिलंय तेच जास्त आहे. आकडे फोनवर बोलून लक्षात राहत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तुझ्या 13 लाखांकडे बघू. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार धरून 7 टक्के होतात. फ्लॅट फक्त तुझ्या नावावर घेतलास तर बाईमाणसाची एक टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे 6 टक्के, 3 लाख 72 हजार. अनिकेतचं नाव दुसरं घातलंस की ही सवलत जाते. कर्जाला तो सहकर्जदार राहिला तरी पुरे. नोंदणी फी 30 हजार. एजंटचा एक टक्का, 62 हजार. सोसायटीची हस्तांतरण फी 25 हजारांपर्यंत. वकील 20 हजार धर. घरात पाऊल टाकायच्या आधीच पाच लाखांच्या वर गेले, आणि त्यातला रुपयासुद्धा भिंतीला लागलेला नाही.

पुढे 40 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला 28 हजारांच्या वर नुसतं व्याज. घेण्यापासून विकून पैसे हातात येईपर्यंत आठ महिने धर, त्याहून कमी धरू नकोस. ते सव्वादोन लाख झाले. आठ महिन्यांचा मेंटेनन्स आणि वीजबिल 24 हजार. दुरुस्तीच्या 7 लाखांवर 15 टक्के अडीअडचणीसाठी, 1 लाख 5 हजार. विकताना पुन्हा एजंटचा एक टक्का, 82 हजार. आता बेरीज कर. तेरातले उरतात साडेतीन लाख. दोन वर्षांच्या आत विकलंस तर त्यावर तुझ्या पगाराच्या टप्प्याने कर, म्हणजे हातात अडीच लाखसुद्धा नाहीत. आठ महिने शनिवार-रविवार धुळीत काढून अडीच लाख. एक पाइप फुटला किंवा गिऱ्हाईक तीन महिने उशिरा आलं की तेही गेले.

म्हणून मी हिशेब उलटा करायची. वहीत शेवटची ओळ आधी लिहायची: हे घर नीटनेटकं केल्यावर याच गल्लीत कितीला जाईल? जाहिरातीतले आकडे धरू नकोस, ते मागणीचे असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या विक्रीचा उतारा, शोधता येते; त्याच इमारतीतले, शेजारच्या दोन इमारतींतले गेल्या वर्षभरातले व्यवहार काढ, क्षेत्रफळ चटईचं (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंतींसकट) ते ताडून बघ. त्यातून विक्रीचा सगळा खर्च, व्याज, दुरुस्ती, अडीअडचण, सरकारी पैसे आणि आपल्याला हवा तो नफा वजा करत वर यायचं. सगळ्यात वर जो आकडा उरेल तेवढ्यालाच घर घ्यायचं, आणि मालक तेवढ्यावर येत नसेल तर चहा पिऊन निघायचं. हेच घर तुला 57 ला मिळालं तर नफा साडेतीनाचा जवळजवळ नऊ लाख होतो. भिंतीला कितीही भारी रंग दे, एवढा फरक रंगाने पडत नाही. फक्त शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली, किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं, तेवढं आधी बघून ठेव.

तू विचारलंयस की दोन वर्षं भाड्याने देऊन मग विकलं तर कर साडेबारा टक्क्यांवर येतो, ते करू का. वनाजची मेट्रो झाल्यापासून आणि कॉलेजच्या मुलांमुळे तिथे भाडेकरू मिळेल, 18 हजार येतील असं धरू. पण व्याज 28 हजार आहे. महिन्याला दहा हजार पदरचे घालून आणखी सोळा महिने थांबायचं, आणि भाडेकरू गेल्यावर पुन्हा रंग. साडेतीन लाखांच्या नफ्यावर हे तोट्याचं आहे. नऊ लाख असले तरी जेमतेम बरोबरीत. कर वाचवायला म्हणून थांबू नकोस. दर मिळत नसेल तर थांब, ते वेगळं.

आता सोसायटीचं. हे तू अजिबात लिहिलेलं नाहीस आणि मला याचीच जास्त काळजी आहे. कोथरूडमध्ये 28 वर्षांच्या इमारतीत पुनर्विकासाची बोलणी चालू नाहीत असं हल्ली क्वचित. गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मालकाकडून मागून घे. 79-अ ची, म्हणजे सहकार कायद्याखालची पुनर्विकासाची, प्रक्रिया सुरू झाली असेल, आर्किटेक्ट नेमला असेल, तर आत सात लाखांचं काम करणं म्हणजे ते बुलडोझरखाली घालणं. तिथे येणारं गिऱ्हाईक वाढीव जागेसाठी येतं, तुझ्या ओट्यासाठी नाही. तसं असेल तर दार-खिडक्या पुसून तसंच ठेवायचं किंवा घ्यायचंच नाही. बोलणी नसतील तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल माग. पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशीच्या पुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं असं सोसायटीच्या उपविधीत आहे. अहवाल नाही म्हणाले तर दुरुस्ती निधीची मोठी वर्गणी कधीतरी तुझ्याच काळात निघेल असं समज. आणि मालक कागदोपत्री परदेशात राहणारा आहे का ते पहिल्या भेटीत विचार. इथल्या मालकाला 50 लाखांवरच्या व्यवहारात आपण एक टक्का टीडीएस कापून भरतो. परदेशस्थ असेल तर तो एक टक्का चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो, आणि चूक झाली तर आयकर खातं आपल्याला धरतं.

तुझ्या सात लाखांत मॉड्युलर किचनला दोन लाख, पीओपीच्या छताला 80 हजार आणि प्लंबिंगला 35 हजार आहेत. हे वाचून मला 2011 सालचं कर्वेनगर आठवलं. आमचं पहिलंच घर. नळाला पाणी धो-धो येत होतं, म्हणून भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपांना हात लावला नाही. मिस्त्री म्हणाला चालेल, आम्ही ऐकलं. वर सुरेख टाइल्स बसवल्या, गिऱ्हाईकाने विसार दिला, आणि तीन आठवड्यांनी खालच्या आजी वर आल्या. त्यांच्या देवघराच्या छतातून पाणी ठिबकत होतं. बाथरूम फोडलं, पाइपाचा एल्बो गंजून चाळणी झालेला. फोडलेल्या टाइल्स त्या शेडच्या परत मिळेनात, म्हणून चारही भिंती नव्याने. बाबांनी खालच्यांचं छत स्वतः उभं राहून रंगवून दिलं. त्या महिन्यात मी घरखर्चाची वही बंद करून ठेवली होती, उघडवत नव्हती.

तेव्हापासून तोडफोड झाली की पहिला पैसा पाण्याच्या वाटेवर. भिंतीतले सगळे जुने पाइप काढून सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे), नहाणी ट्रॅप (सांडपाण्याच्या जाळ्या) नवे, पाइपांची दाबचाचणी टाइल्स लावायच्या आधी. मग वॉटरप्रूफिंग, आणि त्यावर 48 तास पाणी साठवून ठेवायचं. त्या दोन दिवसांत खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं, रोज, आपण स्वतः, मिस्त्रीच्या सांगण्यावर नाही. त्यानंतर वायरिंग: दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गीझर-एसीला चार चौरस मिलिमीटर तांबं, अर्थिंग तपासून, वीज गळली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवून. हे सगळं भिंतीत जातं आणि फोटोत दिसत नाही. म्हणून भिंती बुजवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे आणि घर बघायला येणाऱ्याला दाखवायचे. आमच्या तिसऱ्या घराला एका निवृत्त शिक्षकांनी ते फोटो बघून घासाघीस थांबवली होती.

प्लंबिंगला माझ्या मते दीड लाख लागतील. ते पीओपी आणि किचनमधून काढ. साडेनऊ फुटांच्या खोलीला खोटं छत घातलं की घर बुटकं दिसतं. किचनला ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलच्या ट्रॉल्या, शटरला आयएस 710 चा, पाण्याला टिकणारा प्लाय. लाख-सव्वा लाखात नीट होतं. कोथरूडला घर बघायला वयस्कर जोडपी खूप येतात: बाथरूमला न घसरणारी फरशी, कमोडजवळ दांडी, वॉशिंग मशीनचा पॉइंट सुक्या बाल्कनीत. एवढ्यावर त्यांचं मन बसतं. टाइल्स दहा टक्के जास्त आण आणि एक खोका माळ्यावर ठेव.

कंत्राटदाराला ‘उरकून टाका’ म्हणून ठोक आकडा देऊ नकोस. कोणत्या कंपनीचा पाइप, कोणती वायर, किती चौरस फूट, डॅडो (भिंतीवरच्या टाइल्स) वेगळा मोजणार की धरून, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाची पट्टी) रनिंग फुटाने किती, सगळं लिहून सही. टेप तुझ्या हातात. पैसे कामाच्या टप्प्याने, शेवटचे दहा टक्के पंधरा दिवस वापरून बघितल्यावर, आणि चेकने. ती बिलं विकताना सुधारणा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतात. रोख दिलेल्याचा पुरावा राहत नाही. राडारोडा कुठे टाकणार हेही करारात लिही. मुठेच्या पात्रात रात्री टेंपो उलटे होताना मी पाहिलेत. आपल्या घराची फरशी नदीत जाता कामा नये, त्याचे दोन-चार हजार जास्त गेले तरी द्यायचे.

आणि घाई करू नकोस. एजंट म्हणतोय अक्षय्य तृतीयेला विसार द्या. मी म्हणते जूनमधला एक चांगला पाऊस पडू दे. पश्चिमेची भिंत, खिडक्यांच्या खालचे कोपरे, वरच्यांच्या बाथरूमखालचं छत, हे कोरड्या एप्रिलमध्ये सगळीकडे सारखंच दिसतं. ओल दिसली तर किंमत खाली आणायला तेच कारण पुरतं. जुलैअखेर ताबा मिळाला तर आतलं काम पावसात होईल. रंग मात्र गिलावा सुकल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी. पितृपक्षात कुणी विसार देत नाही, ते दिवस रंगाला वापर, म्हणजे दसरा-दिवाळीला घर दाखवायला तयार.

तोवर पूर्वतयारी करू. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी स्वारगेटला उतरते. माझा टेप, टॉर्च आणि जुनी वही बरोबर आणते. तू इतिवृत्तं आणि सूची क्रमांक 2 च्या प्रती काढून ठेव. घरमालकाकडे जायच्या आधी आपण दोघी खालच्या मजल्यावरच्या लोकांना भेटू. बाबांनी वड्या करायला सांगितल्यात, त्याही आणीन.

अनिकेतला आशीर्वाद.

तुझी,
आई