शहराचा एक आकडा, गल्लीची वेगळी साथ

महोदय,

डेंग्यूच्या बातमीत बहुतेकदा अख्ख्या शहराचा एकच आकडा छापला जातो: तपासलेल्या दर 100 घरांपैकी इतक्या घरांत अळ्या. हा आकडा खरा असूनही फसवतो.

हिशेब करून पाहा. 100 घरांत माणशी सरासरी 1 डास आहे आणि त्यामुळे एका रुग्णामागे 0.8 नवे रुग्ण होतात, असे धरू. आकडा 1 च्या खाली, म्हणजे साथ विझणार. आता तेच डास 20 घरांत माणशी 4 आणि 80 घरांत माणशी पाव असे वाटा. सरासरी तीच. पण बाकी सगळे सारखे असेल तर लागण डासांच्या पटीत वाढते. म्हणून त्या 20 घरांत 0.8 चे 3.2 होतात, उरलेल्यांत 0.2. कागदावर विझलेली साथ तिथे भडकलेली असते.

डेंग्यू पसरवणारा एडीस डास सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. लांबवर विषाणू नेतो तो माणूस. शिवाय हा डास दिवसा चावतो, त्यामुळे लागण शाळेत किंवा बांधकामावर झालेली असू शकते आणि धूरफवारणी होते ती रुग्णाच्या घराभोवती. धुराने मरतात फक्त उडणारे डास. पिंपातल्या अळ्या शाबूत राहतात आणि आठवड्याभरात नवी फौज बाहेर पडते.

सर्वेक्षणातली मोठी चूक बंद घरांची: ती तपासायची राहून जातात. गच्चीवरची उघडी टाकी नेमकी तिथेच निघते. दुसरी चूक मोजणीची: फुलदाणीतल्या पाच अळ्या आणि टाकीतले दोनशे कोष (अळी आणि डास यांमधली अवस्था), दोन्हींची नोंद 'एक दूषित भांडे'! कोष मोजले तर डास कुठून निघतात ते कळते, कारण कोषाचा दोनेक दिवसांत डास होतो.

पाणी नुसते ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. भांडे आतून घासावेच लागते. रिकामी न होणाऱ्या 1,000 लिटरच्या टाकीला 1 टक्का टेमिफॉस या अळीनाशकाचे दाणे 100 ग्रॅम लागतात. टाकी अर्धी असली तरी मात्रा पूर्ण क्षमतेची धरावी.

आपल्या वृत्तपत्राने शहराच्या आकड्याऐवजी प्रभागवार, जमल्यास गल्लीवार आकडे मागून छापावेत, आणि शेजारी एक रकाना द्यावा: किती घरे बंद होती, आणि त्यांतल्या कितींकडे पथक पुन्हा गेले.

– एक कीटकशास्त्र अभ्यासक