माकडाच्या रक्ताला माणसाचे माप नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यातील एका रक्त तपासणी प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. गेल्या उन्हाळ्यात यवतेश्वर घाटात वाहनाची धडक बसलेल्या माकडाचा नमुना एका पशुवैद्यांनी आमच्याकडे पाठवला. यंत्राने सीपीके आणि एसजीओटी (स्नायू दुखावले की रक्तात वाढणारी विकरे, म्हणजे एन्झाइम) यांपुढे 'जास्त' आणि युरिक अ‍ॅसिडपुढे 'कमी' अशी खूण छापली. मात्र शेजारच्या रकान्यातील मर्यादा माणसाच्या होत्या. तो रकाना मी पेनाने खोडला, तरी मनातली रुखरुख गेली नाही.

युरिक अ‍ॅसिडचे विघटन करणारे युरिकेज हे विकर माणसात नसते, मकाक गटातील (ऱ्हीसस, बॉनेट वगैरे) माकडांत ते असते, त्यामुळे त्यांचे युरिक अ‍ॅसिड कमी असणे हाच निरोगीपणा होय. सीपीकेचे तर विचारूच नका. मार लागून स्नायू दुखावले की ते वाढतेच, पण धडधाकट माकडही पकडताना झटापट करते आणि तेवढ्यानेही सीपीके व एसजीओटी चढतात, भीतीने साखर वाढते. गुंगीसाठी केटामाइन दिले तर लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) उतरतात. वाढत्या वयाच्या पिल्लात अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृतात व हाडांत आढळणारे विकर) जास्त असते, ते हाडांच्या वाढीमुळे; त्यात यकृताचा दोष नसतो. म्हणून वय, लिंग, पकडण्याची रीत आणि गुंगीचे औषध यांची नोंद नसलेला 'नॉर्मल' आकडा माझ्या मते अर्धवट आहे.

शिवाय संदर्भमर्यादा म्हणजे निरोगी प्राण्यांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचा पट्टा. वीसात एक निरोगी प्राणी त्याबाहेर असणारच. असा पट्टा ठरवण्यासाठी किमान १२० प्राण्यांचे नमुने असावेत, असा संकेत आहे. प्रयोगशाळांतून प्रसिद्ध झालेले तक्ते बहुतांशी ऱ्हीसस आणि लांब शेपटीच्या मकाकांचे आहेत (२०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोव्हॅक्सिनची चाचणीही २० ऱ्हीसस माकडांवर झाली). आपल्या महाबळेश्वर-पाचगणीकडचे माकड मात्र बॉनेट मकाक, म्हणजे निराळी जात.

आपल्या जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उपद्रवामुळे किंवा उपचारासाठी माकडे पकडून त्यांना गुंगी दिली जाते, तेव्हाच वन विभागाच्या संमतीने थोडे रक्त घेऊन, सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) वेळेत वेगळे करून, वरील सर्व नोंदींसह स्थानिक माकडांचा तक्ता महाविद्यालयाने तयार करावा, ही कळकळीची विनंती. नमुना रखडला तर साखर घटते आणि पोटॅशियम वाढते, म्हणून रक्त काढल्याची वेळही त्यात अवश्य लिहावी.

– एक रक्त तपासणी तंत्रज्ञ, सातारा