लहान होड्यांसाठी अंगावर राहतील अशी लाईफ जॅकेटं हवी आहेत

गावकरी, मुंबईकर मंडळी आणि माहेरवाशिणींना मच्छीमार सोसायटीचा नमस्कार.

होड्या अजून काठावर शाकारलेल्या आहेत. १ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठेल आणि त्या पाण्यात जातील. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे.

गेल्या ऑक्टोबरात आपल्या पाखाडीतली एक फायबर होडी रात्रभर परतली नाही. दुपारी इंजिन बंद पडलं, संध्याकाळी वारा फिरला. वर चौघं खलाशी, मोबाईलला रेंज नाही. जॅकेटं होती, पण पुढच्या फळीखाली, जाळ्याच्या ढिगाखाली बांधलेली. होडी लाटांना आडवी होत असताना ती काढायला कुणाचा हात मोकळा नव्हता. पहाटे एका ट्रॉलरला दिसले म्हणून चौघंही घरी आले. त्यांच्या बायका रात्रभर बॅटऱ्या घेऊन पुळणीवर उभ्या होत्या.

खलाशी जॅकेट घालत नाहीत असा बोल लावणं सोपं आहे. पण ते जाड फोमचं जॅकेट घालून एकदा जाळं ओढून बघा. हात वर होत नाही, जाळ्याचा पीळ पट्ट्यात गुंततो, उन्हात जीव गुदमरतो. म्हणून आम्हाला खांदे मोकळे ठेवणारी, काम करताना अंगावरून उतरवावी लागणार नाहीत अशी जॅकेटं हवी आहेत. प्रत्येक खलाशाला एक, आणि त्याला बांधलेली शिट्टी. आमच्या मते पहिला पैसा इथेच लागावा.

बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की आपल्याकडे कुणी होडी काढत नाही. काळजी आधीच बाहेर गेलेल्यांची असते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा बंदी होती, होड्या जमिनीवर होत्या. पण २००९ चं फयान नोव्हेंबरात आलं, २०१९ चं क्यार ऑक्टोबरात, म्हणजे ऐन हंगामात. अशा वेळी होडीवरून हाक मारता आली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक होडीला पाणी न शिरणारा, हातात मावणारा व्हीएचएफ वायरलेस घ्यायचा आहे. बसक्या होडीवरून त्याचा आवाज फार लांब जात नाही, पण १६ नंबरच्या, म्हणजे संकटात हाक मारायच्या, चॅनलवर जवळपासच्या बोटीने ऐकला तरी ती पुढे निरोप देते. किनाऱ्यावरच्यांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

शिवाय संकटात पेटवून खूण करायला हातात धरायचे लाल फ्लेअर आणि इंजिन बंद पडल्यावर होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे धरून ठेवणारा कापडी नांगर. कापडी नांगर आपले शिलाईवाले शिवून देणार आहेत, फक्त कापड आणि दोर हवा. फ्लेअरची मुदत साधारण तीन वर्षांत संपते, त्यामुळे कुणाकडे जुने पडून असतील तर कृपा करून देऊ नका. जुनी जॅकेटंही नकोत. दाबल्यावर फोम परत वर येत नसेल तर ते जॅकेट माणसाला तारणार नाही.

एखाद्याने एक जॅकेट द्यावं, एखाद्या वाडीने मिळून अख्ख्या होडीचा संच उचलावा. पैसे सोसायटीच्या ऑफिसात भरून पावती घ्या. दुकानांची कोटेशनं बाहेरच्या फलकावर लावली आहेत, खरेदीची बिलंही तिथेच लागतील. गणपतीला येणाऱ्यांनी तेव्हा दिले तरी चालतील, पण आधी दिलेत तर पहिल्या फेरीलाच जॅकेटं अंगावर असतील.

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, भरतीच्या वेळी, सगळे तांडेल (होडीचे म्होरके) आणि खलाशी नवी जॅकेटं घालून खाडीत उड्या मारणार आहेत. पट्टा कुठे काचतो, कुठे सुटतो ते तिथेच बघायचं आहे. तुम्हीही जेटीवर या.