दोरीपलीकडच्या खुर्च्या : सांस्कृतिक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
रमतगमत, युवा व सांस्कृतिक प्रवृत्ती विभाग,
गुजरात राज्य, गांधीनगर

विषय : संग्रहालयांत व नाट्यगृहांत येणाऱ्या माणसांना बसायला जागा मिळण्याबाबत

माननीय महोदय,

सादर नमस्कार.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात राहते, वय ६९, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मला राग मराठीतच नीट येतो. सोबत गुजराती नक्कल जोडली आहे. ती सुनेने केली आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा बरीच सौम्य उतरली आहे. दोन्ही वाचावीत.

मागणी एका ओळीत मावते : तुमच्या खात्याच्या संग्रहालयांत, दर एक-दोन दालनांआड, पाठ टेकता येईल अशी बाकडी ठेवा. एवढ्यासाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असे सून म्हणाली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बडोद्यात पाहुणा आला की सकाळी त्याला सेव-उसळ खाऊ घालायची आणि मग गाव दाखवायला न्यायचे, ही आमच्याकडची रीत. गेली चाळीस वर्षे हे काम माझ्या गळ्यात आहे, कारण मी 'चित्रकलेची बाई'. कमाटीबागेतल्या म्युझियमपासून तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांपर्यंत मी किती जणांना फिरवले असेल, त्याचा हिशेब नाही. पूर्वी मी पुढे आणि पाहुणे मागे, अशी वरात असायची. आता मीच मागे असते.

दोन वर्षांपूर्वी थंडीत पुण्याहून वन्सं आल्या. वय ७४, दोन्ही गुडघे बदललेले, पण उत्साह असा की आदल्या रात्रीच 'उद्या काय काय बघायचं' याची यादी करून ठेवलेली. त्यांना घेऊन मी एका जुन्या वास्तूतल्या संग्रहालयात गेले. कुठल्या, ते लिहीत नाही. एकाचे नाव घेतले की बाकीचे सुटतात. पहिली दोन दालने वन्संनी अगदी हौसेने पाहिली. तिसऱ्यात त्यांनी माझा दंड धरला. चौथ्यात त्या पाहीनाशा झाल्या. म्हणजे डोळे उघडे होते, पण वस्तूंवरून नजर नुसती सरकत होती, पुढचे दार कुठे आहे ते शोधत. शेवटी जिन्याच्या पायरीवर बसल्या. लगेच हाक आली, "बेन, अहीं नहीं बेसाय."

गंमत अशी की त्या दालनात खुर्च्या होत्या. चांगल्या अकरा मोजल्या मी. मखमलीच्या, हस्तिदंती कलाकुसरीच्या, सिंहाच्या पंज्यांच्या पायांच्या. सगळ्या दोरीपलीकडे. आणि दोरीअलीकडे अख्ख्या मजल्यावर एकच खुर्ची, प्लॅस्टिकची, एक हात मोडलेली. ती पहारेकऱ्याची. ज्याने हाक मारली त्यानेच वन्संचा चेहरा पाहिला, ती खुर्ची उचलून आणली आणि म्हणाला, "लो बा, आ खुरशी पर बेसो." वन्सं वीस मिनिटे बसल्या आणि तेवढा वेळ तो भला माणूस भिंतीला टेकून उभा राहिला. तेव्हा माझ्या मागणीत त्याचीही खुर्ची धरा. दिवसभर उभे राहून लोकांवर खेकसणे हा स्वभाव नसतो, तळपायांचा ठणका असतो.

या शिणाला नाव आहे आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली 'म्युझियम फटिग' या विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला ठरावीक वस्तू पाहायला लावल्या, लेबले वाचायला लावली आणि प्रत्येक वेळी त्याचे छायाचित्र काढले. कुठे तो कमरेत वाकला आहे, कुठे उकिडवा बसला आहे, कुठे मान वेळावून काचेच्या कपाटात डोकावतो आहे. त्यांचे म्हणणे सरळ होते : पाहणारा थकतो त्यात त्याच्या हौसेचा दोष नाही, आपण वस्तू ज्या तऱ्हेने मांडतो त्याचा आहे. मी हे वाचले तेव्हा वर्गातली मुले आठवली. सहलीत तिसऱ्या दालनानंतर ती दंगा करायला लागत आणि मी त्यांना रागवत असे. उगीच रागवले असे आता वाटते.

चित्र बघायला वेळ लागतो, महोदय, आणि तो उभ्या-उभ्या मिळत नाही. गायकवाड घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिराचेच उदाहरण घ्या. नंदलाल बोस यांनी तिथल्या चार भिंती १९३९ ते १९४६ या काळात रंगवल्या : गंगावतरण, मीराबाई, रवींद्रनाथांच्या नाटकातली 'नटीर पूजा' आणि महाभारतातले युद्ध. शांतिनिकेतनहून येऊन-जाऊन काम करत एका माणसाने भिंतींना सात वर्षे दिली. आपण त्या भिंतींना मान वर करून किती मिनिटे देतो? मी शिक्षिका असताना मुलांना तिथे फरशीवर मांडी घालून बसवत असे. एका भिंतीसमोर अर्धा तास, तोंडातून शब्द न काढता, आणि मग घरी जाऊन जे आठवेल ते काढायचे. एका मुलीने फक्त घोड्याचे पाय काढून आणले होते, पानभर. तिने खरे पाहिले होते. आता मला फरशीवर बसता येते, उठता येत नाही.

किंवा कमाटीबागेतल्या म्युझियममधल्या, आमच्या बडोद्याच्याच अकोटा भागातल्या धातुमूर्ती. १९५१ साली अकोट्याला जैन मूर्तींचा जो साठा मिळाला, त्यातली जीवंतस्वामीची मूर्ती मला सर्वांत आवडते. सहाव्या शतकातली. एरवी मूर्तींत दिसतात ते तीर्थंकर बहुतेक निराभरण. हा मात्र मुकुट घालून, दागिने लेवून ध्यानाला उभा, कारण हा दीक्षेच्या आधीचा महावीर आहे, अजून राजपुत्र असलेला. अंगावर राजवैभव आणि डोळे त्याच्या पलीकडे लागलेले. हे पहिल्या मिनिटाला दिसत नाही. पहिल्या मिनिटाला दिसते ते 'कांस्य, सहावे शतक' एवढेच, आणि माणूस ममीकडे वळतो. ममीबद्दल माझी तक्रार नाही. ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहिल्याशिवाय बडोद्यातले कुठलेही पोर मोठे झालेले नाही.

आपल्या शहराला बसण्याचे महत्त्व कळत नव्हते असे मुळीच नाही. सयाजीराव महाराजांनी कमाटीबाग १८७९ साली लोकांसाठी खुली केली. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. ग्रंथालयात वाचनालय असते आणि वाचनालयात खुर्ची-टेबल असते, त्यावर कोणी वाद घालत नाही. मग चित्र उभ्याने वाचायचे हे कोणी ठरवले?

आणि कमाटीबाग म्हटले की आणखी एक गोष्ट मनात येतेच. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकरांना या शहरात डोक्यावर छप्पर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे पाच तास त्यांनी या बागेत काढले. ती आमच्या शहराची लाज आहे, तिच्याशेजारी माझे गुडघे आणून ठेवण्याइतकी मी खुळी नाही. पण त्या घटनेची आठवण जपणाऱ्या संकल्पभूमीवरून जाताना दर वेळी वाटते, सगळी दारे बंद झाली तेव्हाही एका सार्वजनिक बागेला 'उठा' म्हणता आले नाही.

नाट्यगृहांत बसायला मिळते, म्हणून तिथे प्रश्न नाही असे समजू नका. खुर्चीपर्यंत पोहोचणे हाच तिथला प्रवेश पहिला. एका नाट्यगृहात (गाव कुठले तेही विचारू नका) रात्री साडेनऊच्या प्रयोगाला दारे सव्वानऊला उघडली. तोवर आम्ही सगळे बाहेर उभे. मुंबई-पुण्याची नाटके आली की आमच्याकडे प्रेक्षक कोण असतो? डोके पाहा, पांढरे. पाऊण तास बाहेर ताटकळून सगळे एकदम आत घुसलो, तेवढ्यात तिसरी घंटा आणि दिवे बंद. पायऱ्यांना कठडा नाही, पायरीच्या कडेला दिवा नाही. मी खुर्च्यांच्या पाठी चाचपत खाली उतरत होते, तेव्हा एका ठिकाणी पाठीऐवजी एका गृहस्थांचे टक्कल हाती आले. त्यांनी मागे न बघता शांतपणे विचारले, "कितवी रांग?" रंगमंचावरचा पहिला हशा त्या रात्री आमच्या रांगेला उशिराच मिळाला.

आमच्या मंडळांचे हॉल यापेक्षा गरीब. पंखा आवाज करतो, माइक मधूनच शिट्टी मारतो. पण म्हातारा माणूस दारात दिसला की एखादा पोरगा मांडववाल्याची खुर्ची उचलून आणतोच, पुढच्या रांगेत, पंख्याखाली. त्या पोराला कुठल्या खात्याचे परिपत्रक गेलेले नसते.

कायद्याचेही थोडे बोलते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायला सांगतो. त्यामुळे ठिकठिकाणी रॅम्प झाले, चांगले झाले. पण रॅम्प चढून आत आलेल्या माणसाने पुढचे दोन तास काय करायचे, हे रॅम्प बांधणाऱ्याच्या निविदेत नसते. तो माणूस कागदावर पोहोचला, झाले.

अधिकारी काय म्हणतील ते मला माहीत आहे. सगळे तुमच्या हातात नाही, हे पहिले. खरे आहे. तांबेकर वाडा केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, फत्तेसिंह संग्रहालय राजघराण्याच्या न्यासाकडे. तुम्ही तुमच्यापासून सुरुवात करा, बाकीच्यांना आम्ही लाजवू. जागा अडेल, हे दुसरे. दालनाच्या मधोमध एक बाक ठेवल्याने गर्दी अडत नाही, उलट बरोबर ज्या चित्रासमोर थांबायला हवे तिथे थांबते. तिसरे, लोक येऊन झोपतील. झोपू देत की! आमच्याकडे कीर्तनात निम्मे श्रोते पेंगतात, त्यांना कोणी उठवत नाही, आणि 'पुंडलिक वरदे' म्हटले की सगळे जागे होऊन हात वर करतात. उन्हातून आलेला माणूस दहा मिनिटे डुलकी घेऊन उठला आणि समोर रविवर्म्याचे चित्र दिसले, तर त्यात खात्याचे काय बिघडले? जोडपी बसतील, हाही आक्षेप येईल. त्यावर मी उत्तर देत नाही.

बाक कसा हवा, ते मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर ठेकेदार स्टेनलेस स्टीलची बसथांब्याची पट्टी आणून ठोकेल. उंची ४५ सेंटीमीटरच्या आसपास. त्याहून खाली असला की उठताना दोन माणसे लागतात. पाठ हवी. आणि निदान एका बाजूला हात हवा, कारण म्हातारे माणूस पायांनी उठत नाही, हातांनी उठते.

आणि हे बाक संखेड्याहून करून घ्या. इथून संखेडा काही लांब नाही. सागाचे लाकूड खरादावर फिरवून, त्यावर कथलाची चंदेरी नक्षी काढतात आणि वरून लाख चढवली की ती सोनेरी होते. ही जादू तुम्ही पाहिली असेलच, सरकारी प्रदर्शनांत पाहुण्यांना दाखवतात ती. भौगोलिक मानांकनही आहे त्याला. आमच्या लग्नात आईने संखेड्याचा झोपाळा दिला होता. चार पिढ्या बसल्या त्यावर, अजून कड्या तेवढ्या कुरकुरतात. अशा कारागिरांचे काम आपण काचेत ठेवून 'हात लावू नये' लिहितो. त्यावर लोकांना बसू दिले, तर त्या खराद्यांना काम मिळेल आणि संग्रहालयात निदान एक वस्तू अशी होईल, जी हाताला, पाठीला कळेल.

पैसे नसतील तर एक स्वस्त उपायही आहे. लंडनच्या काही मोठ्या संग्रहालयांत दाराशी घडीची हलकी स्टुले ठेवलेली असतात. ज्याला हवे त्याने काखेत मारून न्यावे, जिथे आवडेल तिथे मांडावे, जाताना परत ठेवावे. एका दालनात वीस स्टुले ठेवून सहा महिने पाहा. चार चोरीला जातील. सोळा उरतील.

वन्सं येत्या जानेवारीत पुन्हा येणार आहेत. उत्तरायणाला पतंग बघेन आणि राहिलेली दालने पुरी करेन म्हणतात. यादी त्यांनी जपून ठेवली आहे. तोवर बाकडी होणे कठीण, हे मी समजू शकते. म्हणून मी बाजारातून ॲल्युमिनियमची एक घडीची खुर्ची आणली आहे, वजन दोन किलोच्या आत. ती आत नेऊ देतात की दाराशी सामानघरात ठेवावी लागते, आणि नेऊ देत असल्यास त्यासाठी कोणाच्या सहीची चिठ्ठी लागते, एवढे कृपया डिसेंबरअखेर कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे