खूण ३४ व्या पानावर

कोल्हापूर,
रविवार दुपार

चि. सुजित यास अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर अंथरूण काढताना उशीखाली 'बनगरवाडी' सापडलं. गणपतीत मीच दिलं होतं. पुण्याला नेलंस, चार महिन्यांनी परत आणलंस, आणि खुणेला घातलेलं स्वारगेटच्या गाडीचं तिकीट अजून ३४ व्या पानावरच. केवढंसं ते पुस्तक!

वाचलंच पाहिजेस असं माझं म्हणणं नाही. पण तू झोपतोस कधी रे? विचारायचं नाही असं ठरवून बसले होते, पहिल्याच पानावर विचारलं गेलं. चारही दिवस तू जेवताना ताटाकडे बघत होतास. एसटी स्टँडवर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. पोराला गाडीत बसवताना कुणी हिशेब काढतं का?

फोनवर तू "हं, बरं" करतोस, म्हणून लिहितेय.

आमच्या भिशीत नवीन खूळ निघालंय. चिठ्ठी काढायच्या आधी प्रत्येकीनं सध्या काय वाचतेय ते सांगायचं. पहिल्या महिन्यात निम्म्या जणींनी राशिभविष्य सांगितलं. आता मात्र चढाओढ लागलीय. नंदा कागलची, तिनं 'झोंबी' तिसऱ्यांदा काढलंय. पोराला शाळेतनं काढून मळ्यात जुंपणाऱ्या त्या बापावरनं तिची आणि पाटीलकाकूंची अशी जुंपली की चहा उतू गेला. काकू म्हणाल्या, गरिबीनं केलं ते. नंदा म्हणाली, गरिबी काय आईला नव्हती? तीच गेली ना पोराच्या शाळेसाठी दत्ताजीरावांच्या वाड्यावर! मग सगळ्याच गप्प. कोपऱ्यातल्या वहिनींनी हळूच सांगितलं की त्या सुनेच्या मोबाईलवर पुस्तक ऐकतात, भाकऱ्या थापता थापता. ऐकलेलं वाचनात धरायचं की नाही यावर अजून निकाल नाही. मी म्हणते धरायचं.

माझी पाळी आली तेव्हा 'ययाती' सांगितलं. वाचन मंदिरातनं आणलंय. (तुझी वर्गणी मी भरतेच आहे. १८५० सालचं वाचनालय ते, तुझ्या एका नावानं काही जड होत नाही त्याला.) लग्नाआधी वाचलं होतं तेव्हा देवयानीचा राग यायचा आणि शर्मिष्ठेसाठी रडू, एवढंच. या खेपेला पुरू आपलं तारुण्य बापाला देतो तिथवर आले आणि मिटून ठेवलं. भिशीत सांगितलं, डोळे दुखतात म्हणून. डोळे कसले दुखतायत.

आठ तारखेला तुझ्याकडनं हप्ता जमा झाल्याचा मेसेज येतो. बाबा तो दोनदा वाचतात आणि संध्याकाळपर्यंत बोलत नाहीत. त्यांचं ऑपरेशन, पुरानंतरची भिंत, सगळं तुझ्या रात्रपाळीवर चाललंय हे त्यांना कळतं. मलाही कळतं. तू कधी एक शब्द काढला नाहीस, त्याचीच जास्त भीती वाटते.

२०१९ चा पूर आठवतो? पंचगंगेचं पाणी आपल्या खिडकीच्या कट्ट्याला लागलं होतं. उतरल्यावर सगळे चिखल काढत होते आणि तू खालच्या कप्प्यातली पुस्तकं घेऊन माळ्यावर. एकेका पानामध्ये रद्दीचा तुकडा घालायचास, पंख्याखाली धरायचास. 'मृत्युंजय' तर फुगून उशीएवढं झालेलं. त्यालाच आठ दिवस लागले, कारण तू पान सुकवायला उलटायचास आणि वाचत बसायचास. बाबा खालून ओरडत होते, अरे फावडं धर! मी त्यांना गप्प केलं. तेव्हा मला वाटलं होतं, ह्या पोराचं काही वाईट होणार नाही. अजून वाटतं, म्हणजे दिवसा वाटतं.

रात्री दोनला जाग येते, आणि तू आत्ता त्या स्क्रीनपुढं असशील असं मनात येतं. डोळ्यांना जप. खांडेकरांची दृष्टी म्हातारपणी गेली तरी ते सांगून लिहून घ्यायचे. तुला तिथं कोण लिहून देणार आहे? पाळी बदलून मिळते का ते साहेबाला एकदा विचार. विचारल्यानं नोकरी जात नाही. सकाळी आल्यावर मोबाईल लांब ठेव, पडदा ओढ, पोटात काहीतरी घालून मग झोप... बघ, सुरू झालं माझं. चुकलं. तू सत्तावीस वर्षांचा आहेस हे मला दर खेपेला नव्यानं आठवावं लागतं.

सुमनआत्या गुरुवारी पुण्याला येतेय. तिच्याबरोबर कांदा-लसूण चटणी, दाण्याचे लाडू आणि 'बनगरवाडी' पाठवतेय. पुढं काय होतं ते सांगत नाही, पण तो मास्तरही परक्या गावात एकटाच आलेला असतो, आणि शाळेत पोरं नसतात. ३४ व्या पानापर्यंत तुला हे कळलं असेलच. कितव्या पानावर आहेस तेवढं मधनंमधनं कळव. झोपेचं विचारत नाही.

तुझी
आई

ता. क. पुस्तक बांधायला दोन दिवस उशीर झाला, बाबा वाचत होते. त्यांनाही रात्री झोप नसते. ७१ व्या पानावर त्यांनी लाईटबिल घातलंय. ते काढू नकोस.